पाच सेंटीमीटर

सोमवार, ४ मार्च

आज बाईंनी मला बोलावून एक इंग्रजी पुस्तिका हातात दिली. म्हणाल्या, "भाऊ, हिचं मराठी करायचंय. तुमच्याइतकं स्वच्छ मराठी इथं कुणाचं नाही." आनंद व्हायच्या आधी मला भीतीच वाटली. माझं इंग्रजी गावच्या शाळेतलं. एकच गुरुजी इंग्रजी आणि शेती असे दोन्ही विषय शिकवायचे, आणि त्यांचा जीव शेतीत होता.

बाई आमच्या प्रथमोपचार केंद्राच्या मुख्य प्रशिक्षिका. मी भांडार सांभाळतो, अकरा वर्षं झाली. कारखान्यांतले, शाळांतले, बसगाड्यांवरचे लोक तीन-तीन दिवस येतात. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, श्वास कसा द्यायचा, हे रबरी पुतळ्यांवर शिकतात आणि प्रमाणपत्र घेऊन जातात. पुतळे माझ्या ताब्यात. त्यांची तोंडं पुसणं, फुप्फुसाच्या पिशव्या बदलणं, डागडुजी करणं, सगळं मीच करतो. मोठे पुतळे तीन. एकाला लोक पैलवान म्हणतात, एकाला काका, आणि तिसरी मावशी. पुतळे कमरेपर्यंतच आहेत. मागे एका ड्रायव्हरने विचारलं होतं, "मावशीचे पाय कुठं गेले?" दुसरा म्हणाला, "तुझं दाबणं बघून पळाले."

छाती पुरेशी खाली गेली की पुतळ्याच्या आतून टक् असा आवाज येतो. तो आला की माणसाच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो, तो बघायला मला फार आवडतं.

अडलेले शब्द टिपायला ही वही घेतली आहे. सकाळी कामावर जाण्यापूर्वी किंवा संध्याकाळी आल्यावर चार ओळी स्वतःच्याही लिहीन.

बुधवार, ६ मार्च

पुस्तिका सोळा पानांची आणि एकाच अर्थाचे शब्द सात. रिव्हाइव्ह, रिससिटेट, रिस्टोअर, रिॲनिमेट. आमच्या संचालक साहेबांच्या प्रस्तावनेत रिव्हायटलाइझ आणि रिइन्व्हिगोरेट, पण ते माणसाला नाही, संस्थेला. शेवटच्या पानावर रिफ्रेश, म्हणजे दर दोन वर्षांनी परत येऊन सराव करा.

लेकीला घेऊन बसलो. ती कॉलेजात आहे, इंग्रजी फाडफाड. म्हणाली, "बाबा, अजून आहेत. रिज्युव्हिनेट म्हणजे परत तरुण करणं. आईच्या क्रीमच्या डबीवर लिहिलंय बघा."

आतून ही म्हणाली, "मग त्या डबीवाल्याला कळवा म्हणावं, चार वर्षं झाली. अजून वाट बघतेय."

"आणि रेझरेक्ट?" मी विचारलं. तो शब्द मी शब्दकोशात शेजारी पाहिला होता.

"ते खरोखर मेलेल्याला उठवणं. देवाचं काम. तुमच्या पुस्तिकेत नाही ते."

नाही ते बरंच आहे. दोन तास विचार करून एवढं लक्षात आलं की इंग्रजीत प्रत्येक वेळी कोणीतरी हे करतं. एक जण जागा करणारा, एक जण जागा होणारा. आपल्याकडे बेशुद्ध माणूस शुद्धीवर येतो, दमलेल्याला हुशारी येते, सुकलेलं रोप तरारतं, घाबरलेल्याच्या जीवात जीव येतो. सगळं आपलं आपण येतं. कोणी आणलं ते आपण विचारत नाही, कारण ते ठाऊकच असतं. मला हे फार बरं वाटलं. आणणारा तो. आपण नुसतं दार उघडं धरायचं.

शुक्रवार, ८ मार्च

पुस्तिकेत एक आकृती आहे, छाती किती खाली जावी याची. मूळची पुसट होती म्हणून नवी काढावी असं ठरवलं. मावशीला टेबलावर घेतलं, शेजारी फूटपट्टी उभी केली, आणि टक् होईपर्यंत दाबून खूण केली.

साडेतीन सेंटीमीटर.

पुस्तिकेत आहे, किमान पाच. परत दाबलं. परत साडेतीन. पट्टी बदलली. लेकीच्या कंपासपेटीतली पट्टी उद्या घेऊन जातो. पट्ट्या झिजतात.

शनिवार, ९ मार्च

पट्टी झिजलेली नाही. मावशी साडेतीन, काका साडेतीन, पैलवान जेमतेम पावणेचार.

कारण मला कालच कळलं होतं. लिहायला हात होत नव्हता म्हणून पट्टीवर ढकललं.

सहा वर्षांपूर्वी मावशीची स्प्रिंग तुटली. कंपनीची स्प्रिंग यायला तीन महिने लागणार होते आणि सोमवारी तीस जणांची तुकडी यायची होती. बाई म्हणाल्या, "काहीतरी करा भाऊ, तुमच्या हातात जादू आहे." मी सोफे दुरुस्त करणाऱ्याकडून एक स्प्रिंग आणली. ती मऊ होती आणि आखूडही. छाती तळाला टेकली तरी टक् वाजेना. मग मी टक् वाजवणाऱ्या पट्टीखाली लाकडाची एक चकती बसवली. लगेच वाजलं. पुढे वर्षभरात काका आणि पैलवानही बसकले, त्यांनाही तसंच केलं. मला स्वतःचा अभिमान वाटला होता. तेव्हापासून लोकांचे हात दुखेनात, बायकांनाही जमू लागलं, नापास होणं जवळजवळ बंद झालं. बाईंनी एकदा दाबून पाहिलं आणि हसल्या, "मावशी फारच नाजूक झाली हो." आणि पुढच्या तुकडीकडे गेल्या.

नावनोंदणीची वही काढली. सहा वर्षांत चौदाशे बारा माणसं. त्या सगळ्यांच्या हातांना मी खोटं शिकवलं.

जेवण ताटात तसंच राहिलं. हिने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, इंग्रजी.

सोमवार, ११ मार्च

सकाळी बसमध्ये कंडक्टरने हात केला. "काय भाऊ, मावशी बरी आहे ना?" दोन वर्षांपूर्वीच्या तुकडीतला. मी हसलो आणि पुढच्या थांब्यावर उतरून चालत गेलो. रस्त्यात बँकेचा रखवालदार दिसला, तोही आमच्याकडचा. पोहण्याच्या तलावावरची पोरगी सायकलवरून गेली, तीही. आजवर हे लोक ओळख देत तेव्हा वाटायचं, गावभर माझी माणसं आहेत. आज मान खाली घालून चाललो. कुठे कोणाच्या समोर कोण कोसळेल आणि हे धावत जातील, पूर्ण विश्वासाने.

बाईंना थेट विचारायची हिंमत झाली नाही. आकृतीच्या निमित्ताने म्हटलं, "बाई, पाच सेंटीमीटर लिहू ना? पुतळ्यावर थोडं कमी भरतंय असं वाटलं."

त्या लिहिता लिहिता थांबल्या. "आकडा नकोच," म्हणाल्या. "लोक आकड्याला घाबरतात. 'खोलवर दाबा' असं लिहा. मराठीत ते जास्त छान वाटतं."

खरंच छान वाटतं. बाईंना भाषेची जाण आहे.

दुपारी त्यांनी उपकरणांच्या तपासणीची वही पाठवली. गेल्या सहा वर्षांतले तिमाही रकाने रिकामे राहिले होते, "सर्व पुतळे तपासले, योग्य स्थितीत" या वाक्यापुढे माझी सही हवी होती. चोवीस सह्या केल्या. एरवी बाई कोणाला ही वही देत नाहीत. माझ्यावर एवढा विश्वास, आणि मी हा असा. लाज वाटली.

बुधवार, १३ मार्च

आज जे झालं ते लिहून ठेवतो, नाहीतर डोकं फुटेल.

बाटल्यांच्या कारखान्यातला वॉचमन आला होता. चाळिशीचा, उंच, टोपी हातात. मागच्या वर्षी शिकून गेलेला. भांडाराच्या खिडकीशी उभा राहून म्हणाला, "भाऊ, मावशीवर जरा सराव करू का? सुट्टी टाकून आलोय."

"अचानक कसं काय?"

तो टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, "बावीस दिवस झाले. माझा जोडीदार गेटवरच पडला. आम्ही बारा वर्षं एका गेटवर. चहा घेऊन येत होता, पडला. मला शिकवलं होतं तसं सगळं केलं, भाऊ. सगळं. गेला."

मी भांडाराचं दार उघडून त्याला आत घेतलं.

"माणसाच्या छातीतून टक् येत नाही, ते माहीत होतं मला. पण हाताला लक्षात असतं ना, कुठवर जायचं. तिथवर गेलो. त्यापुढं जायचं नाही, बरगडी मोडेल, अशी भीती." त्याने माझ्याकडे बघितलं. "मोजण्यात चुकलो असेन. कुठंतरी चुकलोच. ते शोधायचंय मला."

मी मावशीला सतरंजीवर ठेवलं. तो गुडघ्यांवर बसला, हातावर हात, कोपरं ताठ. तीस वेळा दाबलं, तीस वेळा टक्. नंतर मान वर करून विचारलं, "बरोबर आहे ना?"

मी म्हटलं, "बरोबर आहे."

गुरुवार, १४ मार्च

वॉचमन आज परत आला. परत बरोबर केलं. परत विचारलं. मी मान हलवली.

देवापुढे उभा राहिलो पण हात जोडवेनात. काय मागायचं? मागच्या आठवड्यात मीच लिहिलंय, आणणारा तो, आपण दार उघडं धरायचं. दार धरणाऱ्यानेच अडसर लावला असेल तर?

शनिवार, १६ मार्च

काल अंगात कणकण होती, घरी होतो. आज सकाळी ही शिलाईच्या मशिनवर बसली होती. मान वर न करता म्हणाली, "त्या सोफ्याच्या स्प्रिंगांचं काही झालंय का?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? तापात तीनदा म्हणालात, साडेतीन, साडेतीन. आणि त्या स्प्रिंगा आणल्या तेव्हा आठवडाभर फुशारकी मारत होतात." धागा दाताने तोडून म्हणाली, "मापात कमी भरल्या ना?"

सगळं सांगितलं. वॉचमनचंही. मशिन बंद करून ती ऐकत बसली. मला वाटलं होतं ती म्हणेल, तुम्ही मुद्दाम केलं नाही. ती म्हणाली, "तो रोज येतोय?"

"आला होता, दोनदा."

"आणि तुम्ही त्याला बरोबर म्हणालात?"

"हो."

"मग आधी स्प्रिंगा नीट करा. रडायचं ते नंतर." आणि परत मशिन सुरू केली.

दुपारी स्प्रिंगा बनवणाऱ्याचं दुकान शोधलं. मूळची तुटकी स्प्रिंग माझ्या खणात अजून होती. त्याने ती बोटांत धरून दाबायचा प्रयत्न केला, हसला. "कशाची आहे ही? ट्रकची?"

"माणसाची," मी म्हटलं.

त्याला विनोद वाटला. गुरुवारी दोन देतो म्हणाला. तिसरीला माल नाही.

मंगळवार, १९ मार्च

आज बाईंना सांगितलं. दाराची चौकट धरून उभा होतो. सोफ्याची स्प्रिंग, चकती, साडेतीन, वॉचमन, सगळं एका दमात.

बाई रागावल्या नाहीत. चकितही झाल्या नाहीत, इतका त्यांचा स्वभाव शांत. दार लावून घेतलं, मला पाणी दिलं.

"भाऊ, नीट ऐका. अगदी बरोबर दाबलं तरी दहातले नऊ वाचत नाहीत. तो माणूस वाचला असता असं कोणी सांगू शकत नाही."

"हो बाई. पण दहावा?"

"पुढच्या महिन्यात नवे पुतळे येतायत. जुने आपण मोडीत काढू. विषय तिथंच संपेल. तुम्ही हे आणखी कोणाला सांगितलंय?"

"घरी."

"घरी ठीक आहे. तुमच्या भल्यासाठी सांगते. तपासणीच्या वहीत सह्या तुमच्या आहेत. अडचणीत तुम्ही याल. मला ते नकोय."

माझ्यासाठी एवढा विचार करणारं माणूस मी नोकरीत पाहिलं नाही. डोळ्यांत पाणी आलं. तरी बाहेर आल्यावर जीवात जीव आला नाही. उलट धाकधूक वाढली. चौदाशे बारा माणसं नवे पुतळे बघायला येणार नाहीत.

गुरुवार, २१ मार्च

दुपारी पैलवानात आणि काकात नव्या स्प्रिंगा घातल्या, चकत्या काढल्या. पट्टी लावली. पाच. मी पहिल्यांदा दाबलं तेव्हा वाटलं, काहीतरी अडकलंय. सगळं वजन टाकल्यावर आतून टक् आलं. मी इथं अकरा वर्षं आहे आणि माणसाची छाती एवढी घट्ट असते हे मी पार विसरलो होतो.

तीन वाजता वॉचमन आला. तुकडी नव्हती, सभागृह रिकामं होतं. मी दोन्ही ठेवले, इकडे मावशी, जुनी, आणि इकडे पैलवान. मध्ये फूटपट्टी. मग मावशीची छाती उघडली, आतली चकती काढून त्याच्या हातात दिली.

"ही मी बसवली," म्हटलं. "हिच्यामुळे टक् आधीच वाजतं. पाचला वाजायला हवं, साडेतीनला वाजतं. तुम्ही काहीच चुकला नाही. तुम्हाला शिकवलं तेच चुकीचं होतं. मी केलंय हे. आणि गेल्या आठवड्यात तुम्ही विचारलंत तेव्हा ठाऊक असून बरोबर म्हणालो."

त्याने चकती उलटी केली, सुलटी केली. "एवढीशी?"

मग पैलवानाजवळ बसला. हात ठेवले, नेहमीसारखं दाबलं. काही वाजलं नाही. अजून दाबलं. नाही. सगळा भार टाकला तेव्हा वाजलं. तो तसाच थांबला, हात छातीवर, मान खाली. त्याच्या पाठीवरचा सदरा थरथरत होता. मी दाराकडे बघितलं. तो मला मारणार असं वाटलं, आणि मारावं असंही.

तो उठला आणि बाजूला झाला. "आता तू," म्हणाला.

आजवर त्याने मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

मी बसलो. तीस झाले, थांबलो.

"मी थांब म्हटलं?"

परत सुरू केलं. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभा. दुसऱ्या मिनिटाला कपाळावरचा घाम पैलवानाच्या तोंडावर पडू लागला. चौथ्याला मनगटं सुन्न झाली. मी विचारलं, "किती वेळ?"

"दवाखान्याची गाडी यायला तेरा मिनिटं लागली होती. मी एकटा होतो."

मी दाबत राहिलो. लेकीचा चेहरा आठवला, हिचा, गावच्या गुरुजींचा. नंतर कुणाचाच नाही, फक्त पुढचं टक्. सातव्या मिनिटानंतर टक् येईना. मी दाबत होतो, पण येत नव्हतं. माझ्या घशातून कसलातरी आवाज निघत होता. डोळ्यांपुढे अंधारी आली तरी थांबायची भीती वाटत होती, जणू खाली खरंच कोणी पडलंय.

मग समोर गुडघे टेकल्याचा आवाज आला. "हात काढ," तो म्हणाला, आणि माझे हात बाजूला सारून त्याने दाबायला घेतलं. टक्. टक्. टक्. दोन मिनिटांनी त्याने नुसती मान हलवली, मी घेतलं. पुन्हा त्याने. तेरा झाले तेव्हा दोघंही फरशीवर बसून धापा टाकत होतो.

धाप ओसरल्यावर तो म्हणाला, "तेव्हा दुसरं कोणी नव्हतं."

चकती खिशात टाकून निघून गेला. माफी मागायची राहिलीच. मागितली असती तरी त्याने काय केलं असतं, माहीत नाही.

शनिवार, २३ मार्च

काल संचालक साहेबांना लेखी दिलं. एक पान, माझ्या हाताने. काय केलं, केव्हा केलं, किती जण शिकून गेले. शेवटी लिहिलं की सर्वांना पत्र पाठवून परत बोलवावं.

आज बाईंना आणि मला समोर बसवलं. साहेब तपासणीची वही चाळत होते. मध्येच थांबून म्हणाले, "सहा वर्षांच्या सह्या आणि सगळ्या एकाच शाईच्या कशा?"

बाई माझ्याकडे बघू लागल्या. कधी नव्हे ते त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. बिचाऱ्या, माझ्यामुळे त्यांनाही हे ऐकावं लागत होतं.

"माझंच पेन आहे साहेब," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

साहेबांनी वही मिटली. म्हणाले, पत्रं वगैरे पाठवता येणार नाहीत, संस्थेचं नाव जाईल, लोकांत घबराट होईल. नवे पुतळे आले की प्रश्न मिटला. मी सोमवारी किल्ल्या द्यायच्या. पुस्तिका छापायला जाईल तशीच.

"तिच्यात पाच सेंटीमीटर घालू का, साहेब? एक ओळ फक्त."

"ते बाई बघतील."

घरी आलो तर लेक दारातच उभी. "काढलं?" मी हो म्हटलं. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. ही आतून म्हणाली, "हात-पाय धुवा, जेवायला बसा." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण ताट वाढताना तिने भाजी दोनदा वाढली आणि तिच्या लक्षात आलं नाही.

पन्नाशीला आलेल्या माणसाला कोण ठेवून घेणार, ही एक भीती आहे. पण ती आज लहान वाटते. मोठी भीती ती चौदाशे बारा नावांची. आज या क्षणी कोणीतरी कुठेतरी पडत असेल. शेजारी आमच्याकडचं कोणी उभं असेल. त्याला वाटत असेल, मला येतं.

रविवार, २४ मार्च

सकाळी केंद्रात गेलो. उद्या किल्ल्या द्यायच्या, त्याआधी भांडार झाडून ठेवावं, पुतळ्यांची तोंडं पुसावीत. निदान घाण ठेवून गेला असं कोणी म्हणू नये.

फाटकाशी आलो तर रस्त्यापलीकडे सात-आठ माणसं उभी. सगळ्यांत उंच तो, वॉचमन. वाटलं, जोडीदाराच्या घरची माणसं घेऊन आला. परत फिरावं असं वाटलं. पण तिथेच उभा राहिलो.

ते रस्ता ओलांडून आले. सगळ्यांच्या अंगावर बाटल्यांच्या कारखान्याचे निळे सदरे. एकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं आमचं प्रमाणपत्र होतं.

वॉचमन माझ्याशी बोलला नाही. त्यांच्याकडे वळून म्हणाला, "हे सांगतील तसं करायचं. मध्ये दमलो म्हणायचं नाही."

"मी उद्यापासून इथं नाही," मी म्हटलं.

"आज आहात ना," प्रमाणपत्रवाला म्हणाला. "दुपारच्या पाळीचे आठ जण बाराला येतायत. आम्हाला लवकर सोडा म्हणजे झालं."

मी किल्ली काढली. वॉचमनने ती माझ्या हातातून घेऊन दार उघडलं. पैलवानाला आणि काकाला सतरंजीवर ठेवलं. मावशीला भांडारातच राहू दिलं. त्यांच्यापुढे उभं राहून मी सांगितलं की तुम्हाला शिकवलं त्यात चूक होती, ती माझी होती, आणि कशी झाली. कोणी ओरडलं नाही. एक जण फक्त म्हणाला, "आणि माझ्या सासऱ्याला मी गेल्या वर्षी..." तो गेला नाही, रांगेतच थांबला.

पहिला पुढे आला, माल उचलणारी गाडी चालवणारा, चांगला अंगापेराने भरलेला. गुडघ्यांवर बसला, तळवे जुळवले, कोपरं ताठ केली आणि दाबलं. परत दाबलं. मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"भाऊ, ही जातच नाही खाली."

"जाते," मी म्हटलं. "अजून दाबा."